पोशेऱ्याचा संगणक डोमेनात शिरतो

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला देवानंद गावितने शाळेचा संगणक मंडळाच्या डोमेनात घालायला घेतला आणि शिपाई जिव्याला सांगितलं, "चहा टाक. उकळेपर्यंत होऊन जाईल." तो चहा उकळला, आटला आणि पातेल्याला लागला. जिव्याने दुसरा टाकला. त्यालाही फार काळ तग धरता आला नाही. तिसऱ्या वेळी जिव्याने टाकू की नको असं विचारलं, तेव्हा देवानंदने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू सगळा घोळ चहापत्तीनेच घातला होता.

देवानंद हा डोंगरकूस शिक्षण मंडळाच्या पोशेरा शाखेचा लिपिक. शाखा म्हणजे एक शाळा, एक मुलींचं वसतिगृह, छपरावर इंटरनेटची एक तबकडी आणि त्या तबकडीच्या जिवावर चालणारा एक संगणक. हुद्दा लिपिकाचा असला तरी पंचक्रोशीत त्याला मान होता तो संगणकतज्ज्ञ म्हणून. हा मान कसा मिळाला ते सांगायलाच हवं, कारण पुढची सगळी शोभा त्यातूनच झाली. तीन वर्षांपूर्वी त्याने एका व्हिडिओत पाहिलं, की इंटरनेट रखडत असेल तर सेटिंगमध्ये अमुक जागी आठ, आठ, आठ, आठ असे चार आठ टाकायचे. त्याने टाकले. इंटरनेट पळायला लागलं, निदान पळाल्यासारखं वाटलं. मग त्याने मुख्याध्यापिका गोदाबाईंच्या लॅपटॉपात आठ टाकले, रेशन दुकानात टाकले, गिरणीवाल्या गौतमच्या मोबाइलात टाकले. गौतमची श्रद्धा तर एवढी बसली, की गिरणीचा पट्टा तुटला तेव्हाही त्याने आधी देवानंदला बोलावणं पाठवलं. लोक त्याला 'आठवाले भाऊ' म्हणायला लागले. हे आठ नेमके कोण आणि ते करतात काय, हे कुणी कधी विचारलं नाही. देवानंदनेही स्वतःला विचारलं नाही. चालत्या गाडीत उगाच इंजिनाची चौकशी कशाला करायची?

डोमेनाची भानगड काढली ती मंडळाने. गणपती उठल्यावर दुसऱ्याच दिवशी जव्हारच्या मुख्य कार्यालयातून परिपत्रक आलं. सर्व शाखांचे संगणक मंडळाच्या डोमेनात समाविष्ट करावेत. साध्या भाषेत सांगायचं तर सगळ्या शाखांचे संगणक एका घराण्यात घ्यायचे, घराण्याचा कर्ता म्हणजे जव्हारच्या कार्यालयातला सर्व्हर, आणि इथून पुढे कर्त्याला विचारल्याशिवाय कुणी पानही हलवायचं नाही. एवढ्यावर भागलं असतं तर देवानंदने त्यावर आवक क्रमांक टाकला असता, फाइलला लावलं असतं आणि त्याच्या दृष्टीने योग्य ती कार्यवाही पूर्ण झाली असती. पण खाली आणखी एक कलम होतं. मंडळाच्या नर्सिंग कॉलेजात पोशेऱ्याच्या मुलींसाठी सहा जागा असत. त्या सहा मुलींची यादी यंदा शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत, शाखेच्याच संगणकावरून आणि डोमेनातूनच यायला हवी होती. आली नाही तर जागा दुसऱ्या शाखेला जाणार.

यादीत पहिलं नाव होतं रविनाचं. रविना ही जिव्याची मुलगी, बारावीला शाळेत पहिली आलेली, अजून शाळेच्या वसतिगृहातच राहणारी. जिव्याची बायको आणि थोरला मुलगा दरवर्षी दिवाळी झाली की भिवंडीच्या बाजूला वीटभट्टीवर जात. जागा मिळाली नाही तर यंदा रविनाही त्यांच्याबरोबर जाणार, हे घरात ठरल्यासारखंच होतं. जिव्या हे कुणाला बोलून दाखवत नसे. पण त्या मंगळवारी त्याने पुन्हा पुन्हा चहा टाकला आणि एकदाही कुरकुर केली नाही, यावरून समजणाऱ्याने समजावं.

संगणक मात्र समजायला तयार नव्हता. डोमेनाचं नाव लिहून बटण दाबलं की थोडा वेळ चक्र फिरायचं आणि मग निरोप यायचा, की या नावाचा डोमेन सापडत नाही, नाव नीट लिहिलं आहे का ते पाहा. देवानंदने नाव नीट लिहिलं. मग सावकाश लिहिलं. मग संगणक बंद करून, पाच मिनिटं त्याच्याकडे पाठ करून बसून, पुन्हा लिहिलं. अठ्ठावीस वर्षं मंडळाची नोकरी केलेल्या माणसाला मंडळाचं नाव लिहिता येतं का, असं एका डब्याने विचारावं, हे त्याला फार लागलं.

दुपारी त्याने ठाण्याला फोन लावला. मंडळाच्या सगळ्या शाखांचे संगणक तिथून अलिशा नावाची इंजिनिअर सांभाळायची. बाई कामाला चोख होती, पण अकरा शाखांच्या तक्रारी ऐकून आवाजातला गोडवा संपत आलेला. तिने देवानंदला पडद्यावर आज्ञा लिहायची काळी खिडकी उघडायला लावली आणि सर्व्हरला हाक मारायला सांगितली. आधी नंबराने, मग नावाने. नंबर होता दहा, दहा, एक, पाच. नंबराने हाक मारताच सर्व्हरने लगोलग चार वेळा ओ दिली. नावाने मारली तेव्हा मात्र, असं कुणी इथे राहत नाही म्हणून उत्तर आलं.

फोन स्पीकरवर होता. टेबलाशी जिव्या उभा होता, दारात वसतिगृहाची स्वयंपाकीण रखमी होती आणि खिडकीत गिरणीवाल्या गौतमचं तोंड होतं. या तिघांसमक्ष अलिशा म्हणाली, "म्हणजे रस्ता ठीक आहे, फक्त नावावरून पत्ता लागत नाहीये. तुमचा डीएनएस बघा. नाव दिलं की पत्ता सांगतो तो. दोन शाखांमध्ये कुणीतरी व्हिडिओ बघून तिथे चार आठ टाकून ठेवले होते. असल्या अर्धवट तज्ज्ञांना संगणकाला हातच लावू देऊ नये. तुमच्याकडे तसलं काही नाही ना?"

गौतमने आपल्या मोबाइलकडे पाहिलं.

"छे," देवानंद म्हणाला. "आमच्याकडे सगळं बरोबर आहे."

एवढंच. सहा शब्दही नाहीत. पण बोलून झालं आणि देवानंद स्वतःच खणलेल्या खड्ड्यात नीट जाऊन बसला. खरं म्हणजे त्याला त्या क्षणी अलिशाचं पटलंच नव्हतं. ज्या आठांना अमेरिकेतला पत्ता सापडतो त्यांना तासाभरावरचं जव्हार सापडू नये, हे त्याच्या बुद्धीला मानवेना. संध्याकाळपर्यंत मात्र मनात शंकेची पाल चुकचुकायला लागली. आठ काढून टाकावेत तर त्यांच्या जागी काय घालायचं ते माहीत नव्हतं. ते अलिशाला विचारावं, तर आधी आठ घातले होते असं सांगावं लागणार. आणि तसं सांगायचं म्हणजे गौतमसमोर, रखमीसमोर, पर्यायाने आख्ख्या पोशेऱ्यासमोर अर्धवट ही पदवी सही करून स्वीकारायची. अलिशा फोन ठेवताना म्हणाली, की मग दोष तबकडीत, वायरीत नाहीतर यंत्रात असेल, तुम्ही तपासा. देवानंदने तपासायचं ठरवलं. जिथे दोष नव्हता अशी एकही जागा त्याने पुढचे तीन दिवस तपासायची सोडली नाही.

सल्ल्यांना तर ऊत आला. रखमीचं म्हणणं पडलं की संगणकाला घरातलं नाव नाही, म्हणून त्याला कुणी ओळखत नाही. पाड्यावर प्रत्येक पोराला दोन नावं असतात, एक घरचं आणि एक गुरुजींनी शाळेत घातलेलं. संगणकाला नुसतं शाळेतलंच, 'पोशेरा-एक'. देवानंद मोठ्याने हसला, तिला अंधश्रद्धेवर चार वाक्यं ऐकवली, आणि ती स्वयंपाकघरात गेल्यावर गुपचूप संगणकाचं नाव बदलून 'गंगा' ठेवलं. संगणक बंद होऊन पुन्हा सुरू व्हायला चाळीस मिनिटं लागली. गंगेलाही डोमेन सापडला नाही. घरी बायकोने, हर्षदाने, जेवताना सगळा वृत्तांत ऐकून घेतला. ती आशा सेविका होती. दिवसाला वीस घरी जाऊन, कोण गोळ्या खातं आणि कोण खाल्ल्या म्हणून सांगतं, हे तोंडाकडे बघून ओळखण्याची तिला सवय होती. तिने एवढंच विचारलं, "अहो, त्या ठाण्याच्या बाईंनी जे विचारलं ते खरं सांगितलंत ना?" देवानंद म्हणाला, आमटी वाढ.

बुधवारी गौतमच्या सांगण्यावरून तबकडी तपासायचं ठरलं. पावसाने तबकडीचं तोंड फिरलं असणार, असं गौतम म्हणाला. नंबराने ओ येतेय त्या अर्थी तबकडी ठीक आहे, हे देवानंदला कळत होतं. पण तसं म्हणावं तर दुसरं कारण सांगावं लागलं असतं. म्हणून तो गौतमचीच शिडी लावून पत्र्यावर चढला. वर गेल्यावर त्याने तबकडी जरा डावीकडे, जरा उजवीकडे केली. खालून जिव्या पडद्यावरची हालहवाल ओरडून सांगत होता. पाचव्या हालचालीला जिव्याने सांगितलं, की आता नंबरवालाही ओ द्यायचा बंद झाला. म्हणजे पूर्वी फक्त नावाचा घोटाळा होता, तो आता सर्वांगीण झाला. देवानंद उतरायला वळला तर शिडी नव्हती. गिरणीवर कुणीतरी दळण घेऊन आलं म्हणून गौतम निघून गेला होता, आणि शिडी त्याची असल्यामुळे ती घेऊन गेला होता.

मधली सुट्टी झाली. वसतिगृहाच्या साठ मुली अंगणात जमल्या आणि छपरावरचे लिपिकसाहेब बघत बसल्या. देवानंदने तबकडीवर हात ठेवून मुद्दाम काही पाहणी चालू असल्याचा आव आणला. पत्रा तापलेला होता. उभं राहावं तर पाय भाजत होते आणि बसावं तर त्याहून नाजूक अडचण होती. जिव्याने एकाला शिडीसाठी धाडलं आणि स्वतः खाली भिंतीला टेकून बसला. वर न बघताच तो बोलायला लागला.

"मागल्या साली एक साहेब आला होता, भाऊ. वांगणीच्या रंगूचा घर शोधत. जव्हारला स्टँडवर इचारला, बाजारात इचारला. मोठी मोठी माणसा ती. त्यांना मुंबय ठावा, नाशिक ठावा, गुजरात ठावा. रंगूचा घर कोणालाच ठावा नाय. मंग साहेब पाड्यावर आला. शिवेवरच्या पयल्या घरात म्हातारी बसली होती, तिनं नुसता बोट दाखवला."

देवानंदने वरून विचारलं, मग पुढे काय? जिव्या म्हणाला, पुढे काही नाही, असंच आठवलं. देवानंद वैतागला. इथे माणूस पत्र्यावर भाजतोय आणि याला वांगणीच्या गोष्टी सुचतायत. त्याने जिव्याला सांगितलं, की गोष्टी नंतर, आधी शिडी बघ. जिव्या उठून शिडी बघायला गेला.

आता एकच उपाय उरला. संगणकच जव्हारला नेऊन मुख्य कार्यालयात वायर जोडून तिथल्या तिथे डोमेनात घालायचा. गुरुवारचा आख्खा दिवस तो उचलण्याच्या परवानगीत गेला. मंडळाची जड वस्तू शाखेबाहेर न्यायची तर नोंदवहीत मुख्याध्यापिकेची सही लागते, आणि गोदाबाई रजेवर नाशिकला बहिणीकडे. त्यांनी मोबाइलवर कळवलं, की तुम्हीच माझ्या वतीने सही करा. देवानंदने केली. मग वस्तू देणाऱ्याची सही, तीही त्याचीच. घेणाऱ्याच्या रकान्याशी येऊन तो थांबला, कारण देणारा आणि घेणारा एकच इसम असू नये असा नियम होता आणि तो नियम तीन वर्षांपूर्वी त्यानेच दुसऱ्या एका लिपिकाला खडसावून सांगितला होता. शेवटी घेणारा म्हणून जिव्याची, अंगठा नव्हे, चक्क सही घेतली. त्यामुळे शुक्रवारी सकाळी पोशेरा शाखेचा संगणक कायद्याने जिव्याच्या ताब्यात होता आणि देवानंद त्याच्याबरोबरचा एक प्रवासी होता.

जीपमध्ये जिव्या मागे बसला. मांडीवर गोधडीत गुंडाळलेला संगणक. शेजारच्या म्हातारीने दोन वळणं जाईपर्यंत धीर धरला आणि मग दबक्या आवाजात विचारलं, की बाळाला काय होतंय. जिव्याने गोधडीचं टोक उचलून दाखवलं. म्हातारीने बघितलं, चुकचुकली आणि सांगितलं की जव्हारला मोठा डॉक्टर आहे, होईल बरा.

मुख्य कार्यालयात पोचायला साडेअकरा झाले. फाटकावर रखवालदाराने आत येणाऱ्या वस्तूची चिठ्ठी मागितली. चिठ्ठी आतून मिळते, आणि वस्तू घेतल्याशिवाय आत जाऊन चिठ्ठी आणायची तर वस्तू बाहेर बेवारस राहते. जिव्या वस्तूजवळ थांबला. अधीक्षक कविता पाटारा मॅडम बैठकीत होत्या. बैठक संपली तेव्हा जेवणाची सुट्टी झाली. सुट्टी संपली तेव्हा आवक कारकुनाने संगणकाची 'एक नग' अशी नोंद केली, आणि दोन वाजून दहा मिनिटांनी एक नग टेबलावर चढून त्याला भिंतीतली वायर लागली. कविता मॅडम स्वतः येऊन उभ्या राहिल्या. बाई वाईट नव्हत्या. फक्त नियमाच्या बाहेर पाय टाकायचा म्हटलं की त्यांना घेरी यायची. देवानंदने सोबत आणलेली कागदावरची यादी पुढे केली, तेव्हा त्यांनी हात मागे घेतला आणि सांगितलं, की कागद घेता येत नाही, परिपत्रकात तसं नाही.

सर्व्हर शेजारच्याच खोलीत होता. मधे एक भिंत. नंबराने हाक मारली, पटकन ओ आली. नावाने मारली, असं कुणी राहत नाही. भिंतीपलीकडे त्या सर्व्हरचा पंखा फिरताना ऐकू येत होता.

कविता मॅडमनी बाजारातल्या मंसूरभाईंना बोलावलं. मंसूरभाईंचं दुरुस्तीचं दुकान बापाच्या वेळेपासूनचं. रेडिओपासून सुरुवात करून ते आता संगणकापर्यंत आले होते. त्यांनी खोका उघडला. आत धूळ होती, चिमणीच्या घरट्यातली एक कोरडी काडी होती आणि एका कोपऱ्यात पालीची दोन अंडी होती. अंडी त्यांनी हलक्या हाताने कागदात घेतली, खिडकीत ठेवली, वायर बदलून पाहिली, आतलं कार्ड काढून पुसून लावलं. मग हात पुसत म्हणाले, "देखो भाऊ, मशीन सच्ची आहे. वायर बी सच्ची आहे." आणि जरा थांबून, देवानंदच्या अगदी जवळ येऊन, इतरांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं, "सेटिंग एक बार बघू का?"

देवानंद म्हणाला, सेटिंग मी बघितलंय. मंसूरभाईंनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मान हलवली आणि आपला पेचकस पिशवीत घातला. दुसऱ्याचं झाकलेलं उघडायचं नाही, ही त्यांच्या धंद्याची रीत होती. चहा घेऊन ते गेले.

चार वाजले. सव्वाचार झाले. देवानंदने डोमेनाचं नाव आणखी अकरा वेळा लिहिलं. अलिशाला दोनदा फोन झाला. तिने वायर विचारली, कार्ड विचारलं, वायर खोचायची भिंतीतली खाच विचारली, आणि सगळं ठीक आहे म्हटल्यावर ती स्वतःच गोंधळून गेली. साडेचारला कविता मॅडमनी घड्याळ बघितलं आणि हळूच म्हणाल्या, की पाच वाजता यादी बंद करून पुढे पाठवावी लागेल, माझा नाइलाज आहे. पोशेऱ्याच्या सहा जागा मग दुसरीकडे वळत्या होतील. एवढं बोलून त्या आपल्या टेबलाशी गेल्या आणि पाठमोऱ्या होऊन उगाचच फाइली लावायला लागल्या.

जिव्या दुपारपासून भिंतीशी उभा होता. तो पुढे आला आणि देवानंदच्या खुर्चीच्या मागे थांबला. देवानंदला वाटलं, आता हा काहीतरी बोलणार, रागावणार. रागावला असता तर बरं झालं असतं.

"जाऊं द्या भाऊ," जिव्या म्हणाला. "तुमी तीन दिस धड जेवला नाय. पोरीचा काय, ती भट्टीवर बी राहंल. तिची आय हाये संगती. तुमी जिवाला लावून घेऊ नका."

देवानंदला रविना आठवली. बारावीचा निकाल लागला त्या दिवशी ती पेढा घेऊन कार्यालयात आली होती, आणि बापाला देण्याआधी तिने तो त्याला दिला होता, कारण निकाल संगणकावर त्याने काढून दाखवला होता. ती पोर आता डोक्यावर विटा वाहणार, आणि का, तर देवानंद गावितला अर्धवट म्हणवून घ्यायचं नव्हतं. त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली. तशी लाज त्याला साठ मुलींसमोर पत्र्यावर बसून वाटली नव्हती.

त्याने फोन उचलला, स्पीकर चालू केला आणि आवाज पूर्ण वाढवला. "अलिशा मॅडम, मी देवानंद. तिथे चार आठ आहेत. मीच टाकलेत. मंगळवारी तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं सांगितलं. आता तिथे काय टाकायचं ते सांगा, वीस मिनिटं राहिलीत."

कविता मॅडमच्या हातातली फाइल तशीच राहिली. अलिशा पुष्कळ काही बोलू शकली असती, पण म्हणाली एवढंच, की सर्व्हरचाच नंबर टाका, आपल्या आतल्या नावांचे पत्ते त्यालाच ठाऊक असतात, बाहेरच्या आठांना ते कुठून ठाऊक असणार. देवानंदने विचारलं, कोणता नंबर? ती म्हणाली, दहा, दहा, एक, पाच. तीन दिवसांत देवानंदने ज्या नंबराला शंभरएक वेळा हाका मारल्या होत्या, जो त्याला झोपेतही पाठ होता, तोच. त्याने आठ पुसले आणि तो टाकला. नावाने हाक मारली. सर्व्हरने ओ दिली. डोमेनाचं नाव लिहिलं, आणि पडद्यावर अतिशय आदबीने स्वागताचा निरोप आला.

पण त्या यंत्राने तीन दिवस सोसलं होतं, त्याचा सूड बाकी होता. स्वागत केल्याबरोबर त्याने बंद होऊन पुन्हा सुरू व्हायची परवानगी मागितली, आणि बंद होताना पडद्यावर आलं, की सुधारणा चालू आहेत, संगणक बंद करू नका, चार टक्के झाले. पावणेपाच झाले होते. नऊ टक्के. देवानंद, कविता मॅडम आणि जिव्या तिघंही पडद्यासमोर उभे राहून, भातशेतात पाणी चढताना बघावं तसे टक्के बघत होते. एकतीसवर तो बराच वेळ रेंगाळला. पंचावन्न टक्क्यांवर कविता मॅडम, ज्यांनी आयुष्यात एकही गोष्ट नियमाबाहेर केली नव्हती, भिंतीवरच्या घड्याळाकडे गेल्या आणि काटा मागे घ्यायला खालच्या खुर्चीवर चढतात की काय असं वाटलं, पण परत आल्या. चार वाजून चोपन्न मिनिटांनी संगणक उठला. चार अठ्ठावन्नला यादी गेली. पोचल्याची पावती आली, तीत सहा नावं होती आणि पहिलं रविनाचं होतं.

जिव्याने पावती छापून घेतलेला कागद दोन्ही हातांत धरला आणि तो व्हरांड्यात जाऊन उभा राहिला. आत कविता मॅडमनी एक नमुना पुढे सरकवला. डोमेनात यायला विलंब झाल्यास त्याचं कारण लिहून द्यावं लागे. त्या म्हणाल्या, तांत्रिक लिहा, सगळेच लिहितात. देवानंदने थोडा विचार केला आणि कारणाच्या रकान्यात 'लिपिक' असं लिहून खाली सही केली.

परतीची जीप पाऊण भरल्यावर सुटली. संगणक पुन्हा गोधडीत, जिव्याच्याच मांडीवर, कारण कागदोपत्री तो अजून त्याच्याच ताब्यात होता. गाव मागे पडल्यावर देवानंद म्हणाला, की जिव्या, माझ्या खोटेपणापायी तुझ्या पोरीची जागा जात होती, हे तुला कळलं ना.

"माना मंगळवारीच कळला होता," जिव्या म्हणाला. "आठ तुमी टाकले तवा मीच दिवा धरून हुबा होतो, खोलीतला बल्ब गेला होता."

मग बोलला का नाहीस, असं देवानंदने विचारलं. जिव्याने खांदे उडवले. बुधवारी रंगूची गोष्ट सांगून पाहिली होती, म्हणाला. तुम्हाला पोचली नाही. मग सगळ्यांच्या देखत कसं बोलायचं? तुम्ही म्हणाला असता, शिपायाला काय कळतं. हे त्याने रागाने म्हटलं नाही, हिशोब सांगावा तसं म्हटलं. देवानंदने प्रामाणिकपणे विचार केला. हो, तो तसंच म्हणाला असता. अगदी याच शब्दांत.

घाटात शिरण्याआधी एका वळणावर रेंज मिळते. तिथे देवानंदने वसतिगृहावर फोन लावला आणि रविनाला बोलवायला सांगितलं. ती धावत आली असावी, कारण आधी नुसती धापच ऐकू आली. त्याने सांगितलं, की यादी गेली, तुझं नाव पहिलं आहे. मग तिने विचारलं, "भाऊ, तुमीच केलात ना सगळा?"

जिव्या समोरून जोरजोरात मान हलवून खुणावत होता, हो म्हणा. देवानंदने मान फिरवली. तो म्हणाला, नाही गं बाई, मी तर सगळं बिघडवून ठेवलं होतं, तुझ्या बापाने तीन दिवस गप्प राहून ते सोसलं, हे घे, त्याच्याशीच बोल. आणि त्याने फोन जिव्याच्या कानाला लावला, कारण जिव्याचे दोन्ही हात संगणकाभोवती होते.

"काय नाय गं," जिव्या फोनमध्ये म्हणाला. "भाऊंना लाज वाटतेय सांगायला. त्यांनीच केला सगळा."

देवानंदने फोन हिसकावून घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली, मंगळवारपासून, आठांपासून, काही न वगळता. जीप घाटाला लागली आणि रेंज गेली. तरी तो बराच वेळ सांगत होता. जिव्याने त्याला थांबवलं नाही.